गरम, एवढंच

मावसबहिणीने ड्युसेलडॉर्फहून आणलेलं परफ्यूम आमच्या घरात पहिल्यांदा हुंगलं ते आईने. मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि विचारलं, "बाळंतीण कोणाकडे आहे गो?"

दिवाळीनंतरचा रविवार होता. चहा झाला होता, चकल्यांचा डबा अर्धा रिकामा झाला होता. मावसबहीण जरा खट्टू झाली. तिच्या लेखी ही बाटली म्हणजे डिसेंबरातला नाताळचा बाजार. संध्याकाळी चार वाजताच अंधार पडलेला, हातमोज्यांतून धरलेला गरम वाइनचा मग, त्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, आणि बाजूच्या टपरीवर मसाल्याची मधुर बिस्किटं. तिथे गेल्यावर पहिला हिवाळा तिने रडत काढला होता. त्या हिवाळ्यात तिला आपलं वाटलेलं जे पहिलं काही होतं, ते या वासात आहे असं ती म्हणाली. आणि माझ्या आईला त्यात शेगडी, बाज आणि बारा दिवसांचं बाळ दिसत होतं.

परफ्यूमचं नाव 'जैसलमेर'. कॉम दे गार्सों ही रेई कावाकुबो यांनी १९६९ मध्ये टोकियोत सुरू केलेली फॅशनची संस्था. त्यांनी २००२ मध्ये धुपावर बेतलेली पाच परफ्यूम एकदम आणली आणि त्यांना पाच गावांची नावं दिली : आव्हिन्यों, क्योतो, वारझाझात, झागोर्स्क आणि जैसलमेर. गावामागे एकेक श्रद्धा होती. आव्हिन्योंला कॅथलिक चर्च, क्योतोला तिथली बौद्ध आणि शिंतो मंदिरं, वारझाझातला इस्लाम, झागोर्स्कला रशियाचं ऑर्थोडॉक्स चर्च. आपला हिंदू धर्म जैसलमेरच्या वाट्याला आला. हे परफ्यूम घडवलं इव्हलिन बुलांजे यांनी. दालचिनी, वेलदोडा, ग्वायक नावाचं धुरकट वासाचं लाकूड, बेंझोइनचा डिंक, अंबर आणि धूप असा त्याचा घाट आहे.

मला हे परफ्यूम मनापासून आवडतं, म्हणूनच त्याच्या नावाशी माझं भांडण आहे. माझ्या ओळखीचं देऊळ ओलं आहे. निर्माल्य, फुटलेल्या नारळाचं पाणी, कापूर, तुपाची वात, अनवाणी पायांनी ओली झालेली फरशी. त्यात मसाला नाही. जैसलमेरला मी एका डिसेंबरात गेले होते. ११५६ मध्ये रावळ जैसलने बांधलेला तो पिवळ्या दगडाचा किल्ला, त्यात लक्ष्मीनाथाचं देऊळ आणि जैन मंदिरं. मला तिथे आले ते केशर-चंदनाच्या गंधाचे, तुपाचे आणि थंड दगडाचे वास. दालचिनी कुठेच नव्हती. त्या वाळवंटातलं खरं धुपाचं झाड गुग्गुळाचं. काटेरी, खुरटं. डिंकासाठी त्याला इतक्या चिरा पाडल्या गेल्या की आज ते अतिधोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. गुग्गुळाचा वास कडवट असतो. या बाटलीत कडवट काही नाही.

मसाला आणि धूर आपल्याकडे एकत्र येतात ते देवघरात येत नाहीत. येतात बाळंतिणीच्या खोलीत. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, शेपा, वावडिंग, लसणाच्या साली आणि ऊद. शेगडी बाजेखाली सरकवायची, वर बाळंतीण अंग शेकत पडलेली. न्हाऊ घातलेलं बाळ दोन हातांवर पालथं धरून त्याचं ओलं जावळ त्या धुरावर सुकवायचं. आता डॉक्टर धूर नको म्हणतात आणि ते बरोबरच आहे, एवढ्याशा छातीला तो सोसत नाही. पण आईच्या पिढीने ती खोली चाळीस चाळीस दिवस नाकात भरून घेतली. मी तिला म्हटलं, धुरीत दालचिनी नसते, वेलदोडाही नसतो. ती म्हणाली, "नसूदे. खोली तीच आहे." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपण ज्याला ऊद म्हणतो, ज्याच्यावरून उदबत्ती आली, तो पूजेच्या दुकानातला ऊद बहुतेक वेळा बेंझोइनच असतो. (परफ्यूमवाले हल्ली ज्याला ऊद म्हणतात तो अरबी ऊद, म्हणजे आपला अगरू. नाव एक, झाडं वेगळी.) एक झणझणीत मसाला, खाली गोडसर ऊद, आणि दोन्हींना अंगाची ऊब. आईला इतकं पुरलं. उरलेली खोली तिची तिने उभी केली.

माझा नवरा हुंगायच्या आधी खोक्यावरचं नाव वाचत होता. त्याला वाळू आली. ऊन आलं, उंटाच्या खोगिराचं चामडं आलं. बाटलीत यातलं काही नाही, पण तो खोटं बोलत नव्हता. रेचल हर्झ आणि युलिया फॉन क्लेफ यांचा २००१ मधला एक प्रयोग आहे. त्यांनी लोकांना एकच मिश्रण दोन वेळा हुंगायला दिलं, एकदा पारमेजान चीज म्हणून आणि एकदा ओकारी म्हणून. चीज म्हटल्यावर लोकांना ते आवडलं, ओकारी म्हटल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. अनेकांना दोन्ही वेळा तेच मिश्रण होतं हे पटेना. डोळ्यांना इतक्या सहज फसवता येत नाही. नाव आधी कानात गेलं की नाक त्याच्या मागून चालू लागतं.

मुळात नाकंही सारखी नसतात. वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, माणसाच्या नाकात असतात आणि त्यातला कुठला तल्लख, कुठला मंद, हे माणसागणिक बदलतं. घामात असणाऱ्या अँड्रोस्टेनोन नावाच्या द्रव्याचा वास काहींना लघवीसारखा घाण येतो, काहींना व्हॅनिलासारखा गोड, काहींना येतच नाही. एका जनुकातल्या फरकाचा यात मोठा हात आहे, असं २००७ मध्ये दिसून आलं. तेव्हा "अगं, नीट हुंग ना" हे वाक्य मी बोलायचं सोडलं.

पण जनुकं आणि आठवणी यांच्याही आधी एक साधी गोष्ट आहे, ती माझ्या लक्षात आणून दिली वसईच्या मैत्रिणीने. ती ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली, माझ्या बरोबरीने बावीस वर्षं लोकल पकडणारी. तिच्या मनगटावर मी सकाळी ८.२० ला फवारा मारला. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "नानीचा बॉटल मसाला." मे महिन्यात अंगणात मिरच्या वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात तो. दुपारी जेवायच्या सुट्टीत तिचा चेहरा वेगळा होता. "आता नाही गं तो. आता नानीचं फ्युनरल आहे." चर्चमध्ये शवपेटीभोवती साखळीचं धुपाटणं हलवत फादर फिरतात, त्या धुराबद्दल ती बोलत होती. एकाच मनगटावर चार तासांत नानी मसाला कुटत होती आणि नानी गेलेली होती.

यामागे चमत्कार नाही. वेलदोडा-दालचिनीतली हलकी द्रव्यं आधी उडतात. ऊद, राळ, लाकूड जड, ती कातडीला धरून राहतात. कोरड्या कातडीवर सगळंच भराभर उडतं. मुंबईच्या दमट हवेत मसाला अंगावर येतो, ड्युसेलडॉर्फच्या थंडीत तो हळूहळू उमलतो. आई, बहीण, मैत्रीण या एकाच परफ्यूमबद्दल बोलत होत्या असं मी धरून चालले होते. प्रत्येकीने ते वेगळ्या घटकेला गाठलं होतं.

त्यात आपल्याला वासाला शब्द नाहीत असं म्हणतात, ते मला मान्य नाही. मराठीत कुबट आहे, खवट आहे, आंबूस, करपट, कोंदट, ओशट, पारोसा, उग्र आहे. आणि खमंग आहे. खमंग हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तो कशाचा वास आहे हे सांगत नाही, काय घडलं ते सांगतो : कोरड्या गोष्टीला आच लागली आणि ती करपायच्या आधी उतरवली. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी आई शेवटी या परफ्यूमला 'खमंग' म्हणाली. अंगाला लावायच्या वस्तूला हा शब्द वापरलेला मी पूर्वी ऐकला नव्हता, आणि पाचही जणांत तेच वर्णन मला सर्वांत नेमकं वाटलं.

पाच म्हणाले खरी, पण हुंगलं चौघांनीच. पाचवे बाबा.

बाबांचं लालबागला मसाल्याचं कांडप होतं. मार्च ते मे बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन रांग लावायच्या. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला. धणे, दगडफूल, नागकेशर, जावित्री, तमालपत्र कढईत वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची आच वेगळी. डंकांचा धडधड आवाज, हवेत खकाणा, गल्लीतून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढे जायचा नाही. बाबा त्या गोंगाटात कढईकडे पाठ करून हिशेब लिहीत असायचे आणि न वळता म्हणायचे, "धने उतर." पोऱ्या उतरवायचा. एक क्षण आधी कच्चे, एक क्षण नंतर करपट. पावसाळ्यात माल आला की ते गोणीत कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर मिरच्या बाहेर काढायचे, पण हुंगायचे मात्र गोणपाट. मिरची वरून सुकी दिसते, ओल गोणपाट सांगतो. मग टेम्पोवाल्याकडे न बघता, आवाज न चढवता म्हणायचे, "ह्यो माल परत धाड." दर पावसाळ्यात दोन-तीनदा तरी हे व्हायचं आणि त्यावर कुणी वाद घातलेला मला आठवत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये त्यांना ताप आला. आठ दिवसांत ताप गेला, बरोबर वासही घेऊन गेला. कोरोनाचा हा विषाणू वास टिपणाऱ्या पेशींना सहसा थेट धरत नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो, बाबांचा आला नाही. पहिले काही महिने ते आमटीत मीठ आहे का ते सांगायचे, तिखट आहे का ते सांगायचे, आणि मग ताट सरकवायचे. गॅसवर दूध उतू जाऊन जळालं तरी त्याच खोलीत पेपर वाचत बसलेले मी त्यांना बघितलं आहे. त्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्या धावण्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. त्यानंतर ते कांडपावर गेले नाहीत. पुतण्या बघतो आता.

नाकाच्या डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम दिला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत. चार बाटल्या : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, त्या वस्तूचा विचार करत. किमान बारा आठवडे. बाबांनी ते नेमाने केलं, जपाला बसावं तसं. गुलाब म्हणजे पाणी. लिंबू म्हणजे पाणी. लवंगेच्या बाटलीला मात्र ते थबकायचे. आम्हाला वाटलं, आला वास. डॉक्टर म्हणाले, तो वास नव्हे. चेहऱ्याला संवेदना देणारी एक वेगळी नस असते, पाचवी. कापराचा गारवा, मिरचीची झोंबणी, लवंगेचा चटका ती टिपते. वासाची नस गप्प असली तरी ही बोलते. गुलाबाकडे तिला सांगण्यासारखं काही नसतं. दालचिनीकडे असतं.

त्या रविवारी बाटली हातोहात फिरली आणि बाबांना वगळून माझ्याकडे परत आली. असं कुणी ठरवलं नव्हतं. दोन वर्षांत घराला ती सवय लागली होती, मोगरा आला तरी, गरम पुरणपोळी आली तरी. बाबांनी स्वतःच हात पुढे केला. मी त्यांच्या रुमालावर एक फवारा मारला. त्यांनी तो बराच वेळ धरला.

"गरम आसा," ते म्हणाले. "दुसरा काय नाय. गरम, एवढाच."

पाच जणांत आठवणीशिवाय, नावाशिवाय, खोलीशिवाय ते परफ्यूम ज्याने अनुभवलं असा तो एकच माणूस. तेव्हा मला फक्त वाईट वाटलं. त्या एका शब्दाकडे मी लक्ष दिलं नाही.

डिसेंबरात मी मोहम्मद अली रोडवर आईसाठी खस घ्यायला गेले. अत्तराच्या दुकानातल्या वयस्कर चाचांसमोर ही बाटली ठेवली आणि नाव सांगितलं नाही. त्यांनी मनगटाच्या मागे थेंबभर घेतलं आणि हुंगलं नाही. "पहले स्पिरिट उड़ने दो." दहा मिनिटं ते दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिले. मग एकदा, फक्त एकदा, हात नाकापुढून नेला. "लोबान है. शमामा के घर का है, मगर हल्का. गरम चीज़ है बेटा, ठंड में लगाना."

शमामा हे कनौजचं अत्तर. कितीतरी मसाले आणि जडीबुटी तांब्याच्या डेगेत एकत्र उकळून ते काढतात. अत्तरवाले वासांची तासीर मानतात. खस, गुलाब, मोगरा थंड, ते उन्हाळ्याचे. हिना, शमामा, केशर गरम, ते हिवाळ्याचे. लोबान त्यांनी बरोबर ओळखला होता. अरबी 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान, हा शब्द युरोपात जाता जाता झिजून बेंझोइन झाला. पण मी अडकले होते त्या 'गरम'पाशी. ज्या माणसाला आयुष्यभरात हजारो वास पाठ झाले आणि ज्याच्या नाकात एकही वास उरला नाही, त्या दोघांचा शब्द एकच होता. आमच्यापैकी बाकी कुणाचंच कुणाशी जुळलं नव्हतं.

वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचा एक अख्खा अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार घेऊन, त्यांची प्रमाणं बदलत १,७४,७२० गंध होतात असा त्याचा हिशेब आहे. पुढच्या काळात 'गंधवाद' नावाच्या ग्रंथावर कुणीतरी चक्क मराठीत टीका लिहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी ते हस्तलिखित अभ्यासकांपुढे आणलं, म्हणून आपल्याला ते माहीत आहे. कुठली मुळी, कुठला डिंक, हे आपल्या भाषेत समजावून सांगत बसलेल्या त्या निनावी माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते. त्याच्या घरातल्यांना ती मिश्रणं हुंगून काय काय आठवलं असेल, हे जाणून घ्यायला मी पुष्कळ काही दिलं असतं.

घरी येऊन बाबांना चाचांचं सांगितलं. "मग?" ते म्हणाले, "गरमच आसा ता." दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी रुमाल पुढे करू लागले. चार बाटल्यांचा व्यायाम केव्हाच सुटला होता. त्याच्या जागी हे आलं. एक फवारा, घडी घालून खिशात. दुपारी टीव्ही बघताना ते रुमाल काढायचे, नाकाशी धरायचे, परत ठेवायचे. आई म्हणायची, बाळंतिणीचा नवरा. बाटली फेब्रुवारीत अर्ध्यावर आली. मावसबहिणीने दुसरी पाठवली.

जुलैमध्ये चार दिवस सूर्य दिसला नव्हता. दुपारी मी डाळ निवडत होते. बाबांनी रुमाल काढला, नाकाशी धरला आणि तो तिथेच राहिला.

"गोणपाटाचो वास येता," ते म्हणाले.

मी सूप खाली ठेवलं.

"भिजलेल्या गोणपाटाचो."

मला आधी वाटलं, रुमालच नीट वाळलेला नसेल, पावसात आमच्याकडे कपड्यांना कुबट वास येतोच. हात लावून बघितला, इस्त्रीचा, कोरडा होता. मी आत जाऊन माझ्या मनगटावर फवारा मारला आणि बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसले. आधी दालचिनी आली, नेहमीसारखी. वेलदोडा आला. मी आईची खोली येऊ दिली, नानी येऊ दिली, नाताळ येऊ दिला. पाऊस पडत होता. तासाभराने मसाला उडाला, ऊद खाली बसला, आणि त्या गोडव्याच्या आत, लाकडाच्या बाजूला, कधीच न आलेलं काहीतरी होतं. तंतूसारखं, धुळीचं, थोडं ओलं. लालबागच्या दुकानाच्या दाराशी टेम्पोतून उतरवलेली पहिली गोणी.

बाबांनी रुमालाची घडी उलटी केली, पुन्हा हुंगला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो माल परत धाड."